तिसरं करडू

व्यसनमुक्ती केंद्र, पुंडलिकनगर, औरंगाबाद
१८ जून २०१८

मामी,

तुम्ही आधी माझ्या मामी होतात, सासू नंतर झालात. म्हणून मामीच लिहितो. इथं मोबाइल काढून घेतात. पत्राला परवानगी आहे.

आज दहावा दिवस. पहिले पाच दिवस नीट आठवत नाहीत. जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. हात अजून थरथरतो, त्यामुळं अक्षर असं आलंय. शाळेत माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं, हे आवडाला माहीत नसेल.

केंद्र तात्यासाहेब चालवतात. स्वतः सतरा वर्षं प्यायले, सोडून चौदा वर्षं झाली. सकाळी झाडू देतात, मग लसूण सोलायला बसवतात. चाळीस माणसांची भाजी असते. मी विचारलं, लसणाचा आणि दारूचा काय संबंध? म्हणाले, "काही नाही. पण सोलताना दोन्ही हात गुंततात."

बालकल्याण समितीचा कागद माझ्याजवळ आहे. समितीनं आवडाला सहा महिन्यांसाठी तुमच्याकडं ठेवलंय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तारीख आहे. तोवर मी कसा राहतो ते बघून ठरवणार, की ती माझ्याकडं परत येईल की नाही. मी कागद रोज वाचतो. त्यात लिहिलंय, की मुलगी देशी दारूच्या दुकानाच्या पायरीवर दुपारी बारापासून साडेचारपर्यंत रेशनची पिशवी घेऊन बसलेली आढळली. ते खरं आहे. मी आत होतो. तिला म्हणालो होतो, आलोच.

ती जेवते का ते कळवा.

सोनाजी


दौलताबाद
२७ जून २०१८

सोनाजीस,

मी सांगते, आवडा लिहिते. बोलते तसंच लिही म्हणून बजावलंय.

जावईबापू, पत्र पोचलं. पोरीनं वाचून दाखवलं. लसणाचं ऐकून लई बरं वाटलं. माझ्या राजाबाईनं तुझ्यासंगं अकरा वर्षं संसार केला आणि तापानं गेली. त्या अकरा वर्षांत तू एक पाकळी सोलली नाय.

पोरगी जेवते. दोन भाकरी खाते. तिसरी शेळीला देते आणि मला म्हणते मीच खाल्ली. (हे खोटं आहे.)

इथल्या शाळेत नाव घातलं, सातवीला. मास्तर म्हणाले, आवडा हे नाव आता कोण ठेवतं? मी म्हणलं, आम्ही ठेवतो. माझ्या सासूचं हाय.

रविवारी तिथून फोन करू देतात म्हणं. करू नको. मागच्या रविवारी फोन वाजला तर पोरगी शेळीचं दावं सोडून किल्ल्याच्या खंदकापर्यंत गेली. दोघींना वळवून आणता आणता माझे गुडघे गेले. पत्र आलं तर ती पळत नाय. कागद उजेडात धरून लई वेळ बघते. काय बघते ते सांगत नाय.

तुझी मामी,
सारजाबाई

वरचं सगळं आजीनं सांगितलं. माझं काही नाही. — आवडा


पुंडलिकनगर
९ जुलै २०१८

मामी,

एक महिना झाला. भूक लागते. काल तात्यासाहेबांनी मला कांद्यावर घेतलं. इथं ती बढती समजतात.

दर रविवारी घरच्यांची सभा असते. प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी येतं. मी सांगितलं, माझी बायको नाही. तात्यासाहेब म्हणाले, "मग घरात जो सगळ्यात जास्त शिव्या देतो त्याला बोलवा." मला तुमची आठवण झाली. जमलं तर या.

आवडा, तू हे वाचत असशील. कागद उजेडात धरून काय बघतेस?

सोनाजी


दौलताबाद
२४ जुलै २०१८

सोनाजीस,

रविवारी तू बघितलंसच. तिथं सगळ्या बाया नवऱ्यापायी आलेल्या. मी एकटी जावयापायी. शेजारची बाई मला म्हणाली, तुम्ही सासूबाई असून आलात? मी म्हणलं, असून नाय, म्हणून आले.

तात्यासाहेब माणूस बरा हाय, पण तोंडाचा तिखट. सगळ्यांसमोर मला विचारलं, "जावई पडून असला की कंपनीत कोण कळवायचं?" कळवायचे मीच. फोन लावून सांगायचे, ताप आलाय म्हणून. राजाबाई होती तवा तिनं सांगितलं, ती गेल्यावर मी. तात्यासाहेब म्हणाले, "आजी, तो ताप तुम्ही उतरू दिला नाय." बसमधी घरापर्यंत मी तेच घोळत आले. खरं हाय ते. यापुढं तुला ताप आला तर तुझा तूच कळव.

दुसरं म्हंजी, काळी शेळी मी आवडाला अर्धलीनं दिली. आपल्यात पोराला शहाणं करायची हीच रीत. पोरीला मी सांगितलं, शेळी माझी, राखणार तू, होतील ती करडं निम्मी निम्मी. त्या दिवसापासून शेळीच्या तोंडाजवळ मला जाऊ देत नाय. म्हणते, आजी, तुम्ही तिला जास्त घालता, पोट फुगंल. शेळी या महिन्यात फळलीय.

सारजाबाई

आजी हातपाय धुवायला गेली. म्हणून मी लिहिते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फोनवर तुमचा आवाज ऐकला की किती झालीय ते मला कळायचं. नुसत्या हॅलोवरून कळायचं. ते मला परत करायचं नाही. कागदाला आवाज नाही आणि वास नाही. म्हणून अक्षर बघते. १८ जूनच्या पत्रात ओळी खाली-वर होत्या. ९ जुलैच्या पत्रात पहिल्या चार ओळी सरळ आहेत. एवढंच बघते.

आवडा


पुंडलिकनगर
१४ ऑगस्ट २०१८

मामी आणि आवडा,

तात्यासाहेबांना सांगितलं, की माझं अक्षर घरी तपासलं जातं. त्यांनी मला स्वयंपाकाची यादी लिहायला दिली. रोज फळ्यावर. भेंडीच्या जागी भोपळा लिहिला तर चाळीस माणसं ओरडतात. सराव होतोय.

आवडा, शेळी जुलैत फळली असेल तर डिसेंबरच्या मध्याला विईल. पाच महिने धर. शेवटच्या महिन्यात तिला उतारावर पळवू नको. भिंतीला पोट घासायला लागली तर घाबरू नको. माझे वडील मेंढरांमागं नगरच्या बाजूला जायचे, तेव्हा मी तुझ्याएवढा होतो. व्यायला झालेली बकरी ते कळपातून नुसती नजरेनं ओळखायचे. मला ते येत नाही. पण करडू आडवं आलं तर काय करायचं ते येतं.

मी ७ सप्टेंबरला सुटतो. कंपनीनं परत घेतलं. प्रेस मशिनवर नाही, बागेत. चिकलठाण्यात बागेच्या मागं माळ्याची खोली आहे, ती मिळेल. दर रविवारी इथल्या सभेला यायचं आहे.

सोनाजी


दौलताबाद
१६ सप्टेंबर २०१८

सोनाजीस,

खोली कशी हाय? दाराला कडी हाय का? गळतं का? पोरगी विचारते म्हणून विचारते. (मी विचारलं नाही.) (एकदा विचारलं.)

बुधवारी समितीकडून घरभेटीला लक्ष्मी मॅडम आल्या. बारीक बाई, पण चढ चढून आली आणि दम लागला नाय. पोरगी शाळेत होती. बाईनं चूल बघितली, अंथरूण बघितलं, पोरीच्या वह्या बघितल्या. शेळीसुद्धा बघितली. मी तिला सगळं नीट सांगितलं. तिनं लिहून घेतलं. चहा घेतला नाय, सीताफळं घेत नव्हती, मग एक तिथंच बसून खाल्लं.

काळीजी करू नको. मी वाकडं काय बोलले नाय.

सारजाबाई

काळजी असं पाहिजे, पण आजी काळीजी म्हणते. बोलते तसंच लिहायचं ठरलंय. — आवडा


चिकलठाणा
२४ सप्टेंबर २०१८

तीर्थरूप मामींना,

सविनय नमस्कार. मी इथं खुशाल आहे. आपण सर्व खुशाल असाल अशी आशा करतो.

खोली चांगली आहे. दाराला कडी आहे. गळत नाही. कंपनीतील काम व्यवस्थित सुरू आहे. प्रकृती उत्तम आहे. लक्ष्मी मॅडम शनिवारी येऊन गेल्या. त्यांनीही खोली पाहिली.

चि. आवडाने अभ्यास मन लावून करावा. शेळीची निगा राखावी.

कळावे.

आपला,
सोनाजी


दौलताबाद
३ ऑक्टोबर २०१८

सोनाजीस,

कुणाचं पत्र हाय म्हणून मी दोनदा विचारलं. पोरगी म्हणाली, आप्पांचंच. मी म्हणलं, सोनाजी मला तीर्थरूप कधीपासून म्हणायला लागला? तहसीलदारानं लिहिल्यावानी वाटलं. बरं हाय ना सगळं?

सारजाबाई

आजीला कळत नाही. तुमचं आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं अक्षर आहे. एकही ओळ हललेली नाही. मी ते पत्र शाळेत नेलं. मास्तरांनी वर्गाला दाखवलं आणि म्हणाले, मोठ्या माणसाचं अक्षर असं पाहिजे. मी सांगितलं, माझ्या वडिलांचं आहे. पत्र इतिहासाच्या वहीत ठेवलंय.

काळी सावकाश चालायला लागली.

आवडा


चिकलठाणा
२० ऑक्टोबर २०१८

मामी, आवडा,

परवाच्या दसऱ्याला कंपनीतल्या सगळ्या मशिनींना माझ्या बागेतला झेंडू होता. साहेब म्हणाले, बाजारातून आणला का? मी म्हणालो, खिडकीतून बघा. पंधरा वर्षं मी त्या कंपनीत होतो आणि तिथं बाग आहे हे मला माहीत नव्हतं.

दिवाळीला आवडाला कपडे घ्यायचे आहेत. फ्रॉकचं माप कळवा. मागचं माप माझ्याकडं नाही. मागचे कपडे तिला कुणी घेतले तेही आठवत नाही.

सोनाजी


दौलताबाद
२५ ऑक्टोबर २०१८

आप्पा,

हे पत्र आजीला माहीत नाही. शाळेतून पोस्टात टाकते.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं नाही. आलं नाही म्हणून सांगितलं. सगळ्या ओळी उजवीकडं उतरल्यात. झेंडू शब्द दोनदा खोडलाय. शेवटची ओळ कागदाच्या बाहेर गेलीय.

कधी प्यायलात?

आवडा


चिकलठाणा
२९ ऑक्टोबर २०१८

आवडा,

त्या दिवशी प्यायलो नव्हतो. पत्र मी बसमध्ये लिहिलं. मांडीवर पिशवी, पिशवीवर कागद. जालना रोड कसा आहे ते तुला माहीत आहे. झेंडू दोन खड्ड्यांत सापडला.

इथं पत्र संपवता आलं असतं. पण तुझा प्रश्न बरोबर आहे. फक्त पत्र चुकलं.

२२ सप्टेंबरला, शनिवारी, लक्ष्मी मॅडम आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "आजींशी एकदा बोलून घ्या. त्या मुलीवर निम्मा हक्क सांगतात. मी ते अहवालात लिहिलंय." मला वाटलं, मामी तुला ठेवून घेणार. रविवारी सभेला निघालो आणि मधेच उतरलो. तेच दुकान. त्याच पायरीवर पाय दिला.

सोमवारी सुट्टी टाकली. मामींना पत्र लिहायला बसलो. दोन तास लागले. प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवली. एक कागद फाडला, दुसरा घेतला. तुला कळू नये म्हणून. तू शाळेत नेलंस ते पत्र.

त्याला आज छत्तीस दिवस झाले. त्यानंतर नाही. तात्यासाहेबांना सांगितलेलं नाही. डिसेंबरला समितीसमोर सांगितलं तर ते तुला माझ्याकडं देतील असं वाटत नाही. नाही सांगितलं तर कुणाला कळणार नाही. तुलाही कळलं नसतं.

आप्पा


दौलताबाद
३ नोव्हेंबर २०१८

आप्पा,

मी चार दिवस शाळेत कुणाशी बोलले नाही. काळीशी बोलले.

ते पत्र इतिहासाच्या वहीतून काढलं. फाडणार होते. मग दोन्ही पत्रं शेजारी ठेवली. सरळ ओळींच्या पत्रात तुम्ही कुठंच नाही. वाकड्या पत्रात झेंडू आहे, साहेब आहे, माझा फ्रॉक आहे. आजी तीर्थरूपाला हसली होती. तिला वाचता येत नाही, पण तिला कळलं होतं. मला वाचता येतं आणि मला कळलं नाही.

आता मी अक्षर बघणार नाही. तुम्हीच सांगत जा.

मी आजीला सांगणार नाही आणि समितीलाही सांगणार नाही. ते माझं काम नाही. चिकलठाण्याला मी शाळेत सांगायचे, वडील आजारी आहेत. घरमालकाला सांगायचे, गावाला गेलेत. दुकानदाराला सांगायचे, झोपलेत. माझं सगळं सांगून झालंय. आता तुम्ही सांगा.

मला यायचं आहे. तरी सांगा.

आवडा

मी आता फ्रॉक घालत नाही. पंजाबी ड्रेस घालते. उंची आजीच्या खांद्याएवढी.


चिकलठाणा
११ नोव्हेंबर २०१८

मामी,

हे पत्र आवडा वाचून दाखवेल. आवडा, सगळं वाच. एकही ओळ सोडू नको.

मामी, मी २३ सप्टेंबरला प्यायलो. मी आवडाला आधी सांगितलं, आज तुम्हाला सांगतोय. परवा तात्यासाहेबांना सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "सत्तेचाळीस दिवस उशीर झाला. बसा, लसूण सोला." मी सोलला. सोलता सोलता त्यांनी विचारलं, "प्यायलात ते एकदा. लपवलंत किती वेळा?" मी मोजायला लागलो तर म्हणाले, "असू द्या. मोजू नका. ७ डिसेंबरला सगळं सांगा, मी बाहेर बाकावर बसतो."

तर मी समितीला सांगणार आहे.

एक विचारायचं आहे. मॅडम म्हणाल्या, तुम्ही आवडावर निम्मा हक्क सांगता. तुम्हाला तिला ठेवून घ्यायचं असेल तर सरळ सांगा. मी भांडणार नाही. तिथं तिला दोन भाकरी मिळतात, शाळा आहे, शेळी आहे. माझ्याकडं झेंडू आहे.

सोनाजी


दौलताबाद
१७ नोव्हेंबर २०१८

सोनाजीस,

तुझ्या बापानं मेंढरं राखली, आज्यानं राखली, आणि तुला अर्धल कळत नाय?

जूनमधी समितीच्या बाईनं मला विचारलं, सहा महिने सांभाळता का? मी म्हणलं, व्हय. अंगठा दिला. मला वाटलं, हे अर्धलच हाय. जितराब एकाचं, राखलं दुसऱ्यानं, मग दोघांचं निम्मं निम्मं. तसंच म्हणलं लक्ष्मी मॅडमला. बाई, पोर माझ्याकडं अर्धलीनं हाय. निम्मी त्याची, निम्मी माझी. म्हंजी सहा महिने झाले की तुझी पोर तुला, पण सुट्टीला, सणाला, दुखलं-खुपलं तर माझ्याकडं. मी राखली तर माझा निम्मा जीव नाय का तिच्यात? मॅडम शहरातली. तिनं हक्क लिहिलं. आणि तू त्यापायी पायरी चढला.

मला विचारायचं होतंस. मी काय चंद्रावर राहते? तासाभराची बस हाय.

दारात आला की आधी चप्पल खाशील, मग जेवण. क्रम चुकायचा नाय.

तारखेला मी येणार. त्या बायांना अर्धल म्हंजी काय ते मी सांगते.

सारजाबाई

सगळं वाचलं. एकही ओळ सोडली नाही. २३ सप्टेंबरच्या ओळीला आजी म्हणाली, परत वाच. परत वाचलं. मग ती शेळीला पाणी दाखवायला गेली आणि खूप वेळानं आली. हे लिहू नको म्हणाली. — आवडा


चिकलठाणा
९ डिसेंबर २०१८

आवडा,

परवा बोलायला वेळच मिळाला नाही. तुझी बस होती. तू बाहेर तात्यासाहेबांशेजारी बाकावर बसली होतीस तेव्हा आत काय झालं ते लिहितो. तुला माहीत असायला पाहिजे.

चार जण होते. मी उभा राहूनच सांगितलं, २३ सप्टेंबरला प्यायलो. मधल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "केंद्राच्या कागदात तर हे नाही." मी म्हणालो, "केंद्रालाही उशिरा सांगितलं." त्यांनी तो कागद मिटून बाजूला सारला. मला वाटलं, झालं.

मग तुझ्या आजीनं परवानगी न घेता बोलायला सुरुवात केली. वीस मिनिटं. शेळी कुणाची, चारा कुणाचा, करडू मेलं तर काय, बोकड झाला तर काय. एक सदस्य खेड्यातले होते, ते मान डोलवत होते. दुसऱ्यांना ते समजावून सांगायला लागले. मधल्या बाईंनी आजीला विचारलं, "म्हणजे मुलगी तुम्हाला कायमची नको?" आजी म्हणाली, "कायमचं कुणाला काय मिळतं बाई? मला शनिवार-रविवार द्या." बाई म्हणाल्या, "आम्ही उलटं करू."

तर असं ठरलं. अजून तीन महिने तू आजीकडं, शाळा तिथंच. शनिवार-रविवार माझ्याकडं. रविवारी दोघांनी तात्यासाहेबांच्या सभेला जायचं. लक्ष्मी मॅडम न सांगता येणार. मार्चच्या मध्यात पुढची तारीख. तेव्हा सगळं ठीक असेल तर तू इकडं आणि सुट्ट्या आजीकडं.

बाहेर आल्यावर तात्यासाहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, तीन महिने वाढले. ते म्हणाले, "तोंड का पाडलंय? माझी पोरं मला दोन वर्षांनी मिळाली."

सगळं ठरवण्याआधी त्यांनी तुला एकटीला आत बोलावलं होतं. लक्ष्मी मॅडम हसत बाहेर आल्या. तू काय बोललीस?

आप्पा


दौलताबाद
१७ डिसेंबर २०१८

आप्पा,

त्यांनी विचारलं, वडिलांकडं जायचंय का? मी म्हणाले, व्हय. त्यांनी विचारलं, भीती वाटते का? मी म्हणाले, व्हय. मग म्हणाल्या, नक्की काय? मी म्हणाले, दोन्ही.

त्यांनी विचारलं, ते परत प्यायले तर काय करशील? मी सांगितलं, पायरीवर बसणार नाही. बस पकडून आजीकडं येईन. तिकिटाचे सुटे पैसे आजीनं माझ्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात शिवून ठेवलेत. तुम्हाला माहीत असू द्या.

मग बाई म्हणाल्या, आजी म्हणतात तू निम्मी त्यांची. तुझं काय म्हणणं? मी म्हणाले, अर्धलीत करडं वाटतात. शेळी कुणी कापून वाटत नाही. त्यावर मॅडम हसल्या. मी विनोद केला नव्हता.

आता खरी बातमी. काळी शुक्रवारी व्यायली. तीन झाली. दुसरं आडवं आलं होतं. तुम्हाला विचारायची वाट बघत बसले नाही. मागच्या पत्रासोबत तुम्ही वेगळ्या कागदावर लिहून पाठवलं होतं तसं केलं, हात साबणानं धुवून. आजीनं कंदील नाही, मोबाइलचा उजेड धरला आणि सारखं देवाचं नाव घेत होती, त्यानं उजेड हलत होता. मी ओरडले. मग ती मनात घ्यायला लागली.

दोन काळी आहेत. तिसरं मादी आहे, त्याचा एक कान पांढरा.

दोन दिवस आमचं भांडण चाललं. आजी म्हणते, शेळी माझी म्हणून तिसरं माझं. मी म्हणते, राखली मी म्हणून तिसरं माझं. शेजारची साळूबाई न्याय करायला आली आणि म्हणाली, तिसरं मला द्या. तिला चहा देऊन पाठवलं.

मग आम्ही ठरवलं. एक आजीचं, एक माझं. पांढऱ्या कानाचं तुम्हाला, अर्धलीनं. राखायचं तुम्ही. त्याची होतील ती निम्मी आमची. मेलं, हरवलं, झेंडू खाऊन पोट फुगलं, तर आम्हाला येऊन तोंडानं सांगायचं. पत्रात नाही.

पण आत्ता नाही मिळणार. आईचं दूध सुटायला तीन महिने लागतात. मार्चच्या मध्यात सुटेल. तेव्हा त्याला घेऊन मी येईन. साहेबांना विचारून ठेवा, आणि दावं आखूड घ्या.

गेला शनिवार काळीपायी राहिला, या शनिवारी मला न्यायला या. आजीनं चप्पल उंबऱ्यावर काढून ठेवलीय. वांग्याची भाजीही आहे. लसूण सोलायचा ठेवलाय.

आवडा

माझ्या ओळी वाकड्या आल्यात. पांढऱ्या कानाचं मांडीवर आहे आणि कोपराला ढुशा देतंय. मी काही घेतलेलं नाही.